स्वस्त स्मार्टफोनमध्ये जे नाही ते कसे ओळखावे आणि खरेदीनंतर लक्षात आल्यास काय करावे

दहा-बारा हजार रुपयांच्या स्मार्टफोनच्या खोक्यावर जे आहे ते ठळक अक्षरांत छापलेले असते. जे नाही ते मात्र कोठेच छापलेले नसते. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी कंपनीने होकायंत्राचा सेन्सर काढला, वाय-फायचा एक पट्टा (बँड) काढला, जलद चार्जर वगळला किंवा साठवणुकीची चिप जुन्या पिढीची घातली, तर ते ग्राहकाला बहुधा काही दिवसांनी, एखादे काम अडल्यावरच कळते. मराठवाड्यातील अनेक घरांत हा एकच फोन बँकेचे, मुलांच्या वर्गाचे, पिकाच्या नोंदीचे आणि सरकारी अर्जाचे काम करतो; त्याला पर्याय म्हणून घरात लॅपटॉप नसतो. म्हणून एखादी सोय नसल्याची चीड येथे अधिक असते आणि ती रास्तही आहे. फोन घेण्यापूर्वी काय विचारावे, घेताना काय तपासावे आणि उणीव नंतर लक्षात आली तर कोणत्या मार्गाने जावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी आपली कामे लिहून काढा

दुकानात जाण्यापूर्वी हा फोन घरात कोण, कशासाठी वापरणार आहे, हे कागदावर लिहावे. हे न करता गेलेला ग्राहक मेगापिक्सेल आणि जीबी यांच्या आकड्यांवर निर्णय घेतो, आणि नेमके हेच आकडे स्वस्त फोनमध्ये सर्वांत फुगवलेले असतात.

शेतकरी कुटुंबाचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते आणि ते कोठून घेतले हे फोनच्या जीपीएसवरून ठरते. जीपीएसने दाखवलेले ठिकाण शेतापासून दूर गेले की नोंद अडू शकते. या कामाला पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा लागत नाही. लागतो तो विश्वासार्ह जीपीएस, दुपारच्या उन्हात वाचता येईल असा पडदा आणि दिवसभर टिकणारी बॅटरी. पडद्याचा उजेड 'निट' या एककात मोजतात. चारशे-साडेचारशे निटचा पडदा दुकानाच्या आत झकास दिसतो, परंतु उघड्या शेतात त्यावर बटण कोठे आहे हेही नीट कळत नाही. फोन शेतात वापरायचा असेल तर हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

याच कुटुंबाला विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ॲप उपयोगी पडते, कारण मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावण्याच्या घटना जवळजवळ दरवर्षी घडतात. कमी रॅमचे फोन मात्र बॅटरी आणि रॅम वाचवण्यासाठी पाठीमागे चालणारी ॲप्स परस्पर बंद करतात, त्यामुळे इशाऱ्याची सूचना वेळेवर येईलच याची खात्री राहत नाही. हा दोष खोक्यावरून कळत नाही, पण त्यावर उपाय आहे. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन बॅटरीच्या पर्यायात 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडावे, 'ऑटोस्टार्ट' असा वेगळा पर्याय असल्यास तोही चालू करावा आणि लोकेशनची परवानगी 'ऑल द टाइम' ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही मांडणी आजच करून द्यावी.

लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी राहणाऱ्या विद्यार्थ्याची गरज वेगळी असते. त्याला तासन्तास ध्वनिचित्रफिती पाहायच्या असतात, नोट्सच्या शेकडो फाइली ठेवायच्या असतात आणि वसतिगृहाच्या वाय-फायवर काम भागवायचे असते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलीसाठी नवा फोन घेतला. खोलीतील इतर मुलींच्या फोनवर वसतिगृहाचे वाय-फाय दिसत होते आणि तिच्या फोनवर त्याचे नावसुद्धा येत नव्हते. फोन बिघडला आहे असे समजून वडील तो घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तेथे कळले की फोनमध्ये बिघाड काहीच नाही. वसतिगृहाचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिच्या फोनला फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडता येते. माहितीपत्रकात ही बाब होती, पण कशी, ते पुढे पाहू.

माहितीपत्रक कसे वाचावे

वैशिष्ट्यांची यादी नेहमी कंपनीच्या भारतातील अधिकृत संकेतस्थळावरच वाचावी. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या सुटे भागांसह विकला जातो, आणि त्याच नावाच्या ४जी व ५जी आवृत्त्यांतही प्रोसेसरपासून पडद्यापर्यंत फरक असतो. इतर ठिकाणच्या याद्यांत या आवृत्त्यांची सरमिसळ झालेली आढळते. वाचताना एक नियम कसोशीने पाळावा: जी गोष्ट यादीत नावानिशी लिहिलेली नाही, ती फोनमध्ये नाही असेच धरून चालावे.

वाय-फायच्या ओळीत '८०२.११' या आकड्यापुढे काही अक्षरे असतात. तेथे केवळ 'बी/जी/एन' असेल तर फोन २.४ गिगाहर्ट्झपुरताच आहे असे समजावे. 'ए' आणि 'एसी' ही अक्षरे असतील, किंवा 'ड्युअल बँड' असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर ५ गिगाहर्ट्झही चालेल. त्या मुलीच्या फोनच्या यादीत 'बी/जी/एन' ही तीनच अक्षरे होती. घरी शंभर एमबीपीएसचे फायबर असूनही फोनवर वेग त्याच्या निम्म्यानेही येत नाही, या तक्रारीचे कारणही पुष्कळदा हेच असते.

रॅमच्या आकड्याशेजारी चांदणी किंवा अधिकचे चिन्ह दिसले तर थांबावे. '८ जीबी' असे मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत '४ + ४' असे असेल, तर खरी रॅम ४ जीबी आहे आणि उरलेली साठवणुकीतून उसनी घेतलेली आहे. ओट्यावर जागा पुरत नाही म्हणून कोठीच्या खोलीत जाऊन भाजी चिरावी, तसा हा प्रकार आहे. काम होते, पण प्रत्येक खेपेला वेळ जातो. साठवणुकीची चिप 'ईएमएमसी' या जुन्या, संथ प्रकारची असेल तर हा वेळ आणखी जाणवतो. ईएमएमसी ५.१ चा वाचण्याचा वेग सेकंदाला साधारण अडीचशे ते तीनशे एमबी असतो, तर यूएफएस २.२ या नव्या प्रकारच्या चिपचा त्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असतो. फोन वर्षभराने 'हँग' होऊ लागतो त्यामागे प्रोसेसरइतकाच या चिपचा हात असतो. म्हणून जीबीचा आकडा विचारताना चिपचा प्रकारही विचारावा.

कॅमेऱ्याबाबत थोडक्यात सांगायचे तर मागे दिसणाऱ्या भिंगांची संख्या मोजू नये. काही स्वस्त फोनमधील दुसरे भिंग ०.०८ मेगापिक्सेलचे, म्हणजे ३२० गुणिले २४० ठिपक्यांचे असते, आणि त्याचा छायाचित्राला नाव घेण्यासारखा उपयोग नसतो.

चार्जरच्या बाबतीत '३३ वॉट सपोर्ट' आणि 'खोक्यात ३३ वॉटचा चार्जर' ही दोन वेगळी विधाने आहेत. खोक्यात १० वॉटचा चार्जर असू शकतो किंवा चार्जर नसूही शकतो. 'खोक्यात काय आहे' ही यादी वेगळी दिलेली असते. ती वाचल्याशिवाय किमतीची तुलना करू नये, कारण जलद चार्जर वेगळा घेतल्यास हजार रुपयांपर्यंत खर्च वाढू शकतो.

सेन्सरच्या ओळीवर सर्वांत जास्त फसगत होते. फोनचा कल आणि हालचाल ओळखणारा ॲक्सेलरोमीटर जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असतो. फोन कसा वळला हे मोजणारा जायरोस्कोप आणि मॅग्नेटोमीटर म्हणजे होकायंत्र हे दोन मात्र बऱ्याचदा वगळले जातात. होकायंत्र नसेल तर नकाशावर आपला ठिपका दिसतो, पण आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे दिसत नाही. चार पावले चालल्यावर किंवा गाडी सुरू केल्यावर जीपीएसवरून दिशा काढता येते, त्यामुळे रस्त्यावर फारसे अडत नाही. अनोळखी चौकात उभे राहून 'डावीकडे की उजवीकडे' हे ठरवताना मात्र अडते. जायरोस्कोप नसल्यास गेममध्ये फोन हलवून नेम धरता येत नाही आणि काही ॲप्स चालतच नाहीत. काही फोनमध्ये कानाशी धरताच पडदा बंद करणारा प्रॉक्सिमिटी सेन्सरही खरा नसतो. त्याऐवजी 'व्हर्च्युअल' म्हणजे आवाजाच्या लहरींवर चालणारी सोय असते. ती चुकली की बोलताना पडदा मधूनच उजळतो, गालाने म्यूटचे बटण दाबले जाते आणि समोरच्याला आवाज जात नाही. म्हाताऱ्या माणसांना या प्रकाराचा फार त्रास होतो.

एनएफसी म्हणजे फोन यंत्राजवळ टेकवून पैसे देण्याची सोय नाही म्हणून मात्र हळहळू नये. आपल्याकडे किराणा दुकानापासून रसवंतीपर्यंत पैसे क्यूआर कोडवरच दिले जातात, आणि त्यासाठी एनएफसी लागत नाही.

गावात रेंज ज्या कंपनीची, तिचे बँड म्हणजे लहरींचे पट्टे फोनमध्ये आहेत का, हे पाहणे याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. जिओचे २जी किंवा ३जी जाळे नाही, त्यामुळे साध्या बोलण्यासाठीही फोनमध्ये व्होल्टीई म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय लागते. जिओचे ५जी 'एसए' म्हणजे स्टँडअलोन, ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या प्रकारचे असल्याने ५जी फोनच्या यादीत 'एसए' हा शब्द आणि एन२८ व एन७८ हे बँड असावेत. बीएसएनएलचे स्वदेशी ४जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभरासाठी सुरू झाले. ते ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड २८ आणि २१०० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड १ यांवर चालते. यांपैकी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि भिंतींच्या आतपर्यंत पोहोचतात, म्हणून विरळ टॉवरच्या गावांत बँड २८ असणे-नसणे यावरच फोनचा उपयोग ठरतो. तांड्यावर किंवा वाडीवर राहणाऱ्यांनी ही एक ओळ विसरू नये.

काउंटरवर काय तपासावे

छत्रपती संभाजीनगरचे पैठण गेट असो की तालुक्याचे एखादे दुकान, पैसे देण्यापूर्वी दाखवण्यासाठी ठेवलेला फोन हातात मागावा. सॅमसंगच्या फोनवर *#०*# हा क्रमांक डायल केल्यास आणि शाओमीच्या फोनवर *#*#६४८४#*#* डायल केल्यास सेन्सर तपासण्याची यादी बहुतेक मॉडेलवर उघडते. इतर कंपन्यांसाठी 'सीपीयू-झेड' हे मोफत ॲप पुरेसे आहे. त्याच्या 'सेन्सर्स' या पानावर फोनमधील प्रत्येक सेन्सरची नोंद आकड्यांसह दिसते. फोन फिरवताना 'जायरोस्कोप'पुढील आकडे बदलले पाहिजेत. ती ओळच नसेल तर तो सेन्सर नाही, मग विक्रेता काहीही म्हणो.

त्यानंतर एक कॉल लावून फोन कानाशी धरावा, पडदा लगेच काळा होतो का ते पाहावे आणि फोन दूर करताच तो उजळतो का तेही पाहावे. फोन घेऊन दुकानाच्या दाराबाहेर उन्हात उभे राहावे आणि संदेश वाचून पाहावा. आपल्याला आवश्यक असलेली जी सोय विक्रेत्याने तोंडी सांगितली आहे, ती त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून घ्यावी. यात संकोच वाटून घेण्याचे कारण नाही. दहा हजार रुपये आपण मोजणार असतो. ऑनलाइन खरेदी असेल तर वैशिष्ट्यांच्या पानाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत, कारण ते पान नंतर बदलू शकते. घरी खोके उघडताना सलग चित्रीकरण करावे आणि बिलावरील मॉडेल व आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक *#०६# डायल करून ताडून पाहावा.

फोन घेतल्यानंतर उणीव लक्षात आली तर

प्रथम ती सोय खरोखर नाही की लपलेली आहे, हे ठरवावे. पेन ड्राइव्ह जोडल्यावर फोन ओळखत नाही, ही तक्रार ओपो, रिअलमी आणि विवोच्या अनेक फोनवर केवळ 'ओटीजी' म्हणजे बाहेरचे साधन फोनला जोडण्याचा पर्याय बंद असल्यामुळे येते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ओटीजी' टाइप करून तो चालू करावा लागतो, आणि काही वेळ न वापरल्यास तो आपोआप पुन्हा बंद होतो. एफएम रेडिओच्या ॲपला वायरचा हेडफोन लागतो, कारण ती वायरच अँटेनाचे काम करते. हेडफोन न लावता रेडिओ बिघडला असा निष्कर्ष काढू नये. फोनवरील सूचनांचा छोटा दिवा नसेल, तर अँड्रॉइड १४ पासून सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी म्हणजे अपंगांसाठीच्या सोयींच्या भागात 'फ्लॅश नोटिफिकेशन्स' हा पर्याय आला आहे, ज्यात कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकतो.

दुसऱ्या प्रकारच्या उणिवा सॉफ्टवेअरच्या धोरणातून येतात. गुपचूप कॉल रेकॉर्डिंग होत नाही, ही त्यांपैकी सर्वांत मोठी तक्रार आहे. गुगलच्या फोन ॲपमध्ये रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना त्याची सूचना ऐकू येते, आणि ११ मे २०२२ पासून गुगलने प्ले स्टोअरवरील इतर ॲप्सना ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गाने कॉल रेकॉर्ड करण्यास मनाई केली आहे. अशा वेळी कोठून तरी मिळालेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचे ॲप, टाकून ही सोय मिळवू नये; त्याच फोनवर आपले यूपीआय असते. नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर चित्र धूसर दिसत असेल तर 'डीआरएम इन्फो' या ॲपमध्ये वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या कुलपाची पातळी पाहावी. 'एल३' असेल तर चित्र साध्या दर्जाचेच येईल आणि तेथे नेटच्या वेगाला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार सुटा भागच नसण्याचा आहे. तो नंतर कोणत्याही अपडेटने येत नाही, आणि 'अपडेट आल्यावर होईल' हे सर्व्हिस सेंटरचे उत्तर येथे स्वीकारू नये. मात्र काही अडचणींवर वळसा घालता येतो. जीपीएस उशिरा लागत असेल तर त्याचे कारण समजून घ्यावे: नेट चालू असताना उपग्रहांची माहिती फोन इंटरनेटवरून घेतो, आणि नेट नसताना तीच माहिती त्याला थेट उपग्रहाकडून, अतिशय सावकाश येणाऱ्या संदेशातून घ्यावी लागते. एका उपग्रहाच्या कक्षेची माहिती पूर्ण यायलाच सुमारे ३० सेकंद लागतात, आणि झाडाखाली ती मधेच तुटते. म्हणून गावात रेंज असताना नकाशा उघडून ठिपका स्थिर होऊ द्यावा आणि मगच शेताकडे निघावे; शेतात उसाच्या किंवा आंब्याच्या सावलीत न थांबता मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटे थांबावे आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवावा.

तक्रार कोठे आणि कशी करावी

येथे एक भेद स्पष्ट ठेवावा लागतो. कंपनीने जी सोय कधी सांगितलीच नव्हती, ती नाही म्हणून कायद्याने फोन परत करता येत नाही. परंतु जाहिरातीत, खोक्यावर किंवा विक्रेत्याच्या लेखी संदेशात जी सोय सांगितली होती आणि जी प्रत्यक्षात नाही, तिच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ पुरेसा भक्कम आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या ई-कॉमर्स नियमांनुसार, वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ऑनलाइन दुकाने 'फक्त बदलून मिळेल आणि तेही तंत्रज्ञाने बिघाड मान्य केल्यास' असे सांगून ग्राहकाला परत पाठवतात. त्या वेळी 'बिघाड' हा शब्द न वापरता 'वर्णनाशी न जुळणारी वस्तू' असे कारण लिहावे आणि सोबत स्क्रीनशॉट व सीपीयू-झेडच्या पानाचे छायाचित्र जोडावे.

पहिली तक्रार त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे नियमाने बंधनकारक आहे. तेथे दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते आणि बऱ्याच तक्रारी याच टप्प्यावर मिटतात. त्यानेही काम झाले नाही तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावे. कंपनीचे कार्यालय बेंगळुरू किंवा गुरुग्रामला असले तरी ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार दाखल करता येते. परभणीच्या माणसाला परभणीतच दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या तक्रार पाठवता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

फोन हप्त्यावर घेतला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. कर्जाचा करार वित्त कंपनीशी असतो आणि फोनचा वाद विक्रेत्याशी असतो. रागाच्या भरात हप्ता थांबवल्यास विक्रेत्याचे काहीच बिघडत नाही, उलट आपल्या सिबिलच्या म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर डाग पडतो आणि काही वेळा वित्त कंपनी फोन दुरूनच बंद करते. म्हणून हप्ते भरत राहावेत, त्यांच्या पावत्या जपाव्यात आणि तक्रारीत फोनच्या किमतीबरोबर भरलेल्या व्याजाचीही मागणी करावी.